तहकूब म्हणणारे साहेब

आमच्या सोसायटीत पाण्यावरून भांडण लागलं की बायका आधी वर बघायच्या. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत साहेब उभे आहेत का ते. असले तर भांडणाला जोर चढायचा, कारण फार ताणायची वेळ येणार नाही हे दोघींनाही ठाऊक असायचं. साहेब बनियनवर, गालाला दाढीचा फेस, कठड्यावरून वाकून शांतपणे म्हणायचे, "सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब." आणि आत निघून जायचे.

खाली कुणाला हसू यायचं, कुणाला राग यायचा. तोवर बादली भरून वाहायला लागलेली असायची. भांडण तिथंच विझायचं.

लोक अजून विचारतात, साहेब शहाणे होते की वेडे. मी म्हणते, दोन्ही. त्यांच्या वेडापायी माझं नुकसान झालं आणि ते भरूनही त्यांनीच काढलं. म्हणून हे लिहिते आहे.

ते मुंबईला विधानभवनात नोकरीला होते. आमदार नव्हते, मंत्री नव्हते. अध्यक्षांच्या खुर्चीखाली एक टेबल असतं म्हणे, तिथं बसणाऱ्या माणसांपैकी एक. तिथं बसून त्यांनी सारा जन्म दुसऱ्यांची भांडणं ऐकली. हिवाळ्यात नागपूरला जाऊन ऐकली. बोलायची परवानगी नव्हती. निवृत्त झाल्यावर बायकोचं माहेर नाशिकचं म्हणून ते नाशिक रोडला आमच्याकडे राहायला आले. आमची सोसायटी नोटांच्या प्रेसच्या आणि रेल्वेच्या माणसांची. माझे मालक प्रेसमध्ये होते. त्यांच्या मागे फ्लॅट मला राहिला आणि मुलगा. मुलगा सातपूरला कंपनीत जातो, आज काम आहे, उद्या नाही, असलं काम.

साहेबांना घटनेतलं सगळं पाठ असेल असं मला वाटायचं. तसं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट आवडायची.

"ताई, लोक घटनेत मोठमोठं काय काय बघतात. मला तहकुबी दिसते."

घटनेचं नाव काढलं की मी हातातलं काम ठेवून ऐकते. आमच्या वस्तीत लहानपणापासून तसंच शिकवलेलं आहे. पण हे नवीनच होतं.

"म्हणजे सुट्टी?" मी विचारलं.

"सुट्टी नाही हो. दोन्हीकडची माणसं अंगावर धावून जातात. कागद फाडतात. आता टाळकी फुटणार असं वाटतं. अध्यक्ष उठतात, पंधरा मिनिटांसाठी तहकूब म्हणतात आणि निघून जातात. मग तीच माणसं बाहेर एकमेकांच्या बशीतली भजी खातात. मी डोळ्यांनी बघितलंय. भांडण थांबवायला शहाणपण लागत नाही ताई, घड्याळ लागतं."

यात त्यांची एक अट होती. नुसतं पुरे म्हणून चालायचं नाही. पुन्हा कधी बसायचं ते तिथल्या तिथं सांगायचं. "न सांगता उठला तो रुसला. सांगून उठला त्यानं तहकूब केलं." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझा मुलगा घरात भांडून दार आपटून निघाला तर मीच त्याच्या मागून ओरडायचे, कधी येणार ते सांगून जा.

त्यांच्या घरी मात्र ही विद्या चालत नव्हती. वहिनींचा आवाज चढला की साहेब घड्याळ बघून म्हणायचे, "संध्याकाळी पाचपर्यंत तहकूब." वहिनी पदर खोचून त्यांच्या मागोमाग गॅलरीत. "मी नाही मानत तुमचं तहकूब. गॅसचा नंबर लावला का नाही ते आत्ता सांगा." साहेब गॅलरीतून हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यात. वहिनी मागे. एकदा जिन्यात मला धडकले आणि म्हणाले, "ताई, सदस्य अध्यक्षांच्या मागे त्यांच्या दालनात शिरतात, याला काय म्हणायचं?"

"बायको म्हणायचं," वहिनी वरून म्हणाल्या.

त्यांची एक बहीण सिन्नरला होती. तिच्याशी त्यांचं जमत नव्हतं. वडलांच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून जुनं बिनसलेलं. तरी ते तिच्याकडे जायचे. विधानसभेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त खंड पडता कामा नये, असं घटनेत आहे म्हणे. तेच त्यांनी बहिणीला लावलं होतं. सहा महिने व्हायच्या आत एसटीनं सिन्नरला जायचं, तिच्या ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, परत यायचं.

"काय बोलता मग?" मी विचारलं.

"विशेष काही नाही. कधी कधी काहीच नाही. पण बैठक झाली."

मला त्या वेळी हसू आलं. माझा सख्खा भाऊ विंचूरला आहे. मार्केटात आम्ही दोघं कांदा निवडायला जायचो, एका भाकरीत दोघं जेवलोय. त्याच्या अंगणात मी किती वर्षांत गेले नाही ते मला सांगता येणार नाही. तेव्हा हसायचा हक्क मला फारसा नव्हता, तरी हसले.

कुणी वारलं की विधानसभेत शोकप्रस्ताव होतो आणि कामकाज थांबतं. साहेब तेही पाळायचे. सोसायटीत कुणाच्याही घरचं माणूस गेलं की त्या दिवशी कमिटीचं काम बंद. गेटवरचा कुत्रा मोती म्हातारा होऊन मेला तेव्हा पोरांनी त्यांची थट्टा करायची म्हणून गॅलरीखाली उभं राहून हाक मारली. "अध्यक्ष महाराज, मोती गेला. आज तहकूब का?" हे अध्यक्ष महाराज नाव पोरांनीच पाडलेलं.

साहेबांनी विचार केला. खरोखर विचार केला, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाले, "मोती सदस्य नव्हता. त्यामुळे कामकाज थांबवता येणार नाही. पण दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही." आणि चप्पल घालून खाली आले, गेटपाशी हात बांधून उभे राहिले. थट्टा करायला आलेली पोरंही उभी राहिली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तोही गप्प झाला. मोती मला आवडत नव्हता, पण मीही उभी राहिले. तसा माणूस समोर उभा असला की आपण बसून राहू शकत नाही.

त्यांना चेअरमन केलं ते कुणालाच व्हायचं नव्हतं म्हणून. लोकांना वाटलं, म्हातारा माणूस आहे, सही करेल. साहेबांनी पहिल्याच सभेला घरातली देवाची घंटा आणली. सभेला पुरेशी माणसं नसली तर विधानभवनात घंटा वाजते आणि आमदार पळत येतात. इथं पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, साहेब खुर्चीत बसून घंटा वाजवतायत, आणि वरून कुणीतरी विचारतंय, आज कसली आरती? वहिनींनी गॅलरीतून सांगितलं, "झालं की घंटा धुऊन देव्हाऱ्यात ठेवा."

सेक्रेटरी तरुण होता. हुशार, चटपटीत, बँकेत नोकरीला. त्याला हे सगळं वेळकाढूपणाचं वाटायचं. "काका, कोरम झाला का सांगा, पुढं जाऊ." साहेब म्हणायचे, "गणपूर्ती." तो म्हणायचा, "तेच ते."

आता माझ्या खोलीचं सांगते.

जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली होती. पूर्वी वॉचमन राहायचा. मालक गेल्यावर जुन्या कमिटीनं ती मला तोंडी दिली. तिथं मी पोळी-भाजी केंद्र काढलं. सकाळी पोळ्या आणि भाकऱ्या, दोन भाज्या, मागणी असेल तर सुकट. स्टेशनकडची एकटी राहणारी पोरं, नोकरीवाल्या बाया, सगळे डबे न्यायचे. मुलाचं काम बंद पडायचं त्या महिन्यात आमचं घर त्या खोलीवर चालायचं. चालू असायचं त्या महिन्यातही निम्मं त्याच खोलीवर.

सेक्रेटरीला तिथं सोसायटीचं ऑफिस हवं होतं. ऑफिस हवं असणं मी समजू शकते. पण नोटिशीत ऑफिसचं नव्हतंच. रहिवाशांना वासाचा त्रास होतो, सबब केंद्र बंद करण्याबाबत विचार करणे, असं होतं. त्याच जिन्यात समोरच्या घरी रोज लसणाची फोडणी पडते, तिचा वास कुणाला येत नाही. माझाच येतो. का येतो ते मला लहानपणापासून माहीत आहे, नोटिशीत लिहायची गरज नव्हती.

मी साहेबांकडे गेले. ते रोज माझ्याकडून दोन ज्वारीच्या भाकऱ्या न्यायचे, वहिनींचे हात सांधेदुखीनं धरलेले म्हणून. मला वाटलं, हा माणूस आपल्या बाजूनं बोलेल.

"नाही बोलता येणार ताई. अध्यक्षाला बाजू नसते."

"रोज भाकरी खाता ना?"

"ती उद्यापासून बंद. विषय सभेपुढे आहे तोवर मला तुमच्याकडचं खाता येणार नाही. मी खुर्चीत बसलो की मला तुमच्या भाकऱ्या आवडत नाहीत."

आतून वहिनी म्हणाल्या, "आणि मला आवडतात, त्याचं काय? का मीही खुर्चीत बसले?"

मी घरी आले ती शिव्या घालतच. दुसऱ्या दिवसापासून साहेब बाहेरून पाव आणून खाऊ लागले. वहिनी माझ्याकडे येऊन स्वतःपुरती एक भाकरी घेऊन जायच्या.

सभा रविवारी सकाळी होती. लग्नाची तिथ होती, बरीच घरं बाहेरगावी. साहेबांनी डोकी मोजली, कमी भरली. घंटा वाजवली, वाट बघितली, पुन्हा मोजली. मग उभे राहून म्हणाले, "गणपूर्ती नाही. सभा तहकूब." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पण घंटा घेऊन जिना चढताना माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "आता पुढली नोटीस निघेपर्यंत निश्चिंत राहा." त्यांच्या तोंडावर आनंद होता. खुर्चीची पायरी न सोडता माझं काम झालं, असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटलं. मुलगा शिफ्टला गेला, मी कणीक मळायला बसले.

संध्याकाळी सेक्रेटरी दारात आला. "आजी, ठराव झाला. महिनाअखेर खोली रिकामी करा."

"कधी झाला? सभा तहकूब झाली ना?"

"झाली होती. अर्ध्या तासानं पुन्हा घेतली. सोसायटीचा नियम आहे आजी. कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं बसली की मग जेवढे हजर तेवढ्यांत चालते. कोरम लागत नाही. आम्ही आठ जण होतो."

तो खोटं बोलत नव्हता. सोसायट्यांचा नियम तसाच आहे. सगळ्या सोसायट्यांत तसंच चालतं, हे पोराटोरांनाही माहीत असतं. माहीत नव्हतं ते फक्त आमच्या साहेबांना, कारण विधानसभेत तसं नसतं. तिथं माणसं कमी तर सभागृहच नाही.

मी वर जाऊन सांगितलं. साहेब जेवत होते. पाव हातात तसाच.

"गणपूर्ती नव्हती, मग ठराव कुणी केला?"

"आठ जणांनी."

"पण सभागृहच नव्हतं."

"साहेब, ते मुंबईत. इथं पार्किंग होतं."

त्यांनी परत विचारलं, ठराव कुणी केला. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वहिनींनी त्यांच्या हातातला पाव काढून घेतला. मला त्यांची दया आली नाही. माझी चूल जाणार होती. मी म्हटलं, "तुम्ही नुसते गप्प बसला असता आणि सभा चालू दिली असती, तर मी चार शब्द तरी बोलले असते. तुमच्या तहकुबीनं मला तेही करू दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चेअरमनपद सोडलं. खुर्चीत बसून बोलता येत नाही, आणि आता त्यांना बोलायचं होतं. मग कळलं की सभासदांनी सह्या करून मागितली तर खास सभा घ्यावी लागते. सह्या मिळाल्या. पण त्यात मेख होती. अशा मागून घेतलेल्या सभेला माणसं कमी पडली तर अर्ध्या तासाची सोय नाही. सभा रद्द, ठराव कायम, खोली गेली.

म्हणजे माणसं जमवायला हवी होती. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. साहेबांचे गुडघे तेव्हाच गेलेले. कठड्याला धरून, प्रत्येक मजल्यावर दम खात, ते दोन्ही विंगांत दारोदार फिरले. सारा जन्म खुर्चीखाली बसून घंटा वाजवणाऱ्यांत काढलेला माणूस. दार उघडलं की काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. "रविवारी या. कुणाच्या बाजूनं या असं म्हणत नाही. या." एवढंच. एका घरात त्यांना विचारलं, "काका, त्या बाईंसाठी एवढी धावपळ कशाला?" साहेब म्हणाले, "त्यांच्यासाठी नाही. मी चुकलोय." हे मला त्या घरातल्या सुनेनंच सांगितलं.

रविवारी माणसं आली. पार्किंगमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, काही जण स्कूटरवर टेकले. खुर्चीत सेक्रेटरी, कारण नवा चेअरमन झालेला नव्हता. त्यानं मोजलं. कोरम झाला, पण काठावर. दोनचार उठले असते तरी मोडला असता.

साहेब बोलायला उभे राहिले. मला वाटलं होतं, एवढी भाषणं ऐकलेला माणूस आहे, आता गडगडेल. तसं काही झालं नाही. म्हणाले, "मागची सभा मी तहकूब केली. ती पुढं अशी भरेल हे मला ठाऊक नव्हतं. ताईंना बोलू द्या." आणि खाली बसले.

मी बोलले. मला काही लाज नव्हती. मी म्हटलं, खोली सोसायटीची आहे, भाडं ठरवा, मी देते. वासाचं म्हणाल तर सुकट बंद करायची नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा एक जण उठला. "ह्यांच्या सुकटीमुळे आमच्याकडे पाहुणे यायचे बंद झालेत."

"बंद नाय झाले," मी म्हटलं. "तुझा मेव्हणा परवा आला होता. माझ्याकडून सुकटीचा डबा घेऊनच वर आला. तुला सांगितलं नसंल, जिन्यात खाल्ला त्यानं."

लोक हसले. तो चिडला, माझा मुलगा उठला, दोघंतिघं मध्ये पडले. एकच गलका झाला. कुणीतरी ओरडलं, मतं घ्या, मतं घ्या, आणि हातही वर व्हायला लागले. सेक्रेटरीनं ते हात बघितले. हिशोब त्याला लगेच कळला असणार. तो उठला, फाईल काखेत मारली आणि म्हणाला, "गोंधळ होतोय. सभा तहकूब."

आणि माणसं उठली. खरंच उठली. इतकी वर्षं साहेबांनीच त्यांना ते लावलं होतं, तहकूब म्हटलं की उठायचं. खुर्च्या सरकल्या, स्कूटरवरचे खाली उतरले. ती सगळी जिन्याकडे वळली असती तर संपलंच होतं.

साहेब उठले नाहीत.

मी त्यांच्याकडेच बघत होते. उठायला म्हणून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, अंग पुढं आलेलं. जन्मभर त्या शब्दासरशी उठलेला माणूस. खुर्चीचा शब्द अखेरचा, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. भरलेली सभा चेअरमनला सभेला विचारल्याशिवाय तहकूब करता येत नाही, असं त्यांनी पुढं कुठंतरी वाचून काढलं आणि मला दाखवायला आणलं. पण त्या घटकेला त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या हाताशी कुठलाच नियम नव्हता. हात गुडघ्यांवरून काढून त्यांनी मांडीवर ठेवले आणि मागे टेकून बसले.

"साहेब, तहकूब झालं," कुणीतरी म्हणालं.

"मी बसलोय," साहेब म्हणाले.

शेजारी वहिनी अर्ध्या उठल्या होत्या, त्या बसल्या. मी बसले. रेल्वेतले एक निवृत्त गार्ड जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचले होते, ते वळून आले आणि कुरकुरत बसले. मग एकेक करत बाकीचे. सेक्रेटरी फाईल काखेत घेऊन उभा. त्यानं दोनदा घड्याळ बघितलं. समोर सगळी बसलेली आणि आपण एकटेच उभे, हे फार वेळ जमत नाही. तोही बसला.

मतं झाली. खोली राहिली. भाडं ठरलं, आणि ते मी कमी करून घेतलं.

लोक उठून आपापल्या घरी गेले. कुणी माझ्याशी बोललं, कुणी नाही. मुलानं खुर्च्या गोळा करून भिंतीला लावल्या. साहेब आपल्या खुर्चीत तसेच. वहिनी म्हणाल्या, "अहो, उठा आता. काय झालं? गुडघे धरले का?"

"सभा संपली असं अजून कुणी म्हणालेलं नाही," साहेब म्हणाले.

सेक्रेटरी न बोलता कधीच वर निघून गेला होता. वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "सभा संपली साहेब. उठा, अंगावर ऊन आलंय."

तेव्हा उठले.